चेहरा ओळखीचा, नाव आठवत नाही: पीट पॉसलथ्वेटविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा नक्की कोण? मी याला कुठे पाहिलंय?

आपल्याकडच्या बहुतेकांनी त्याला १९९७च्या 'द लॉस्ट वर्ल्ड: ज्युरासिक पार्क'मध्ये पाहिलेलं असतं. टक्कल पडलेला, खोल गेलेल्या डोळ्यांचा तो शिकारी आठवतोय? बाकीचे पैशासाठी बेटावर आलेले असतात आणि याला फक्त नर टी-रेक्स हवा असतो. किंवा मग 'इन्सेप्शन'मध्ये. किलियन मर्फीच्या मनात स्वप्नातून एक कल्पना पेरायची असते, तो सगळा उपद्व्याप ज्या मरणासन्न बापाभोवती फिरतो तो बाप म्हणजे पीट पॉसलथ्वेट. त्याच्या वाट्याला मोजून काही वाक्यं आली आहेत, आणि तीही धाप लागलेल्या आवाजात. तरीही चित्रपट संपल्यावर तिजोरीतल्या त्या कागदी भिंगरीबरोबर त्याचा चेहरा लक्षात राहतो.

'याला कुठेतरी पाहिलंय, पण नाव आठवत नाही' हे वाक्य त्याच्याबाबतीत इतक्यांदा ऐकलंय की ही प्रश्नोत्तरं लिहायला घेतली.

आडनावाचा उच्चार कसा करायचा?

पॉसलथ्वेट. लिहिताना मध्ये एक 'ट' येतो, तो बोलताना गिळायचा. हे आडनाव उत्तर इंग्लंडमधलं, कंब्रियाकडचं. त्यातलं 'थ्वेट' जुन्या नॉर्स भाषेतून आलंय आणि त्याचा अर्थ झाडी तोडून मोकळी केलेली जागा. तरुणपणी 'हे नाव बदल' असा सल्ला त्याला मिळाला होता. एवढं लांबलचक नाव नाट्यगृहाबाहेर दिव्यांनी लिहायचं तर विजेचं बिल परवडणार नाही, असा विनोद तो स्वतःच सांगायचा. नाव त्याने बदललं नाही.

'कॅरेक्टर ॲक्टर' म्हणजे आपला चरित्र अभिनेता का?

शब्द तोच, पण अर्थ थोडा सरकलेला. आपल्याकडे चरित्र अभिनेता म्हटलं की नायकाचा बाप, काका, न्यायाधीश किंवा पोलीस कमिशनर डोळ्यांपुढे येतो. म्हणजे वय झालं की माणूस त्या खात्यात जमा होतो. ब्रिटनमध्ये वयाचा संबंध कमी. ज्याच्याकडे माणूस उभा करण्याची कला आहे, ज्याच्या चेहऱ्यावर नायकाचा शिक्का नाही, आणि आज नाट्यगृहात राजा तर उद्या दूरदर्शन मालिकेत भुरटा चोर होण्यात ज्याला कमीपणा वाटत नाही, तो कॅरेक्टर ॲक्टर. पंचविशीतला मुलगाही असू शकतो.

पीटकडे तर दुसरा पर्यायच नव्हता. गालाची हाडं इतकी पुढे आलेली की आधी तीच दिसतात. त्यात दबलेलं नाक आणि खडबडीत कातडी. हा चेहरा कुठल्याही रंगभूषेने लपण्यातला नाही. म्हणून त्याने तो लपवायचा नाद सोडला आणि बाकी सगळं बदलायला सुरुवात केली: चालणं, श्वास, बोलण्याचा हेल, आणि सर्वांत जास्त हात. हातांबद्दल पुढे येईलच.

तो मूळचा कुठला? घर कसं होतं?

जन्म फेब्रुवारी १९४६, वॉरिंग्टन. लिव्हरपूल आणि मँचेस्टर यांच्या मधोमधचं हे कारखान्यांचं गाव. घर कॅथलिक, कष्टकरी, आणि चार भावंडांत हा शेंडेफळ. वडील लाकडी पिंपं बनवायचे. फळ्या वाकवायच्या, लोखंडी कड्यांत बसवायच्या आणि खिळ्याशिवाय, डिंकाशिवाय पाणी न गळणारं पिंप उभं करायचं, असं ते काम. मला पीटचा अभिनय पाहताना हे सारखं आठवतं. कदाचित मी उगाच जोडतोय. पण त्याची माणसं बघा: जवळजवळ प्रत्येकाला काहीतरी कसब आहे आणि ते हातात दिसतं.

तो पाद्री होणार होता, हे खरं का?

खरं. लहानपणी पाद्र्यांच्या शिक्षणसंस्थेत त्याने काही काळ काढला. पुढे तो बेत मागे पडला आणि लंडनजवळ ट्विकनममधल्या सेंट मेरीज या कॅथलिक महाविद्यालयात त्याने शिक्षक होण्याचं प्रशिक्षण घेतलं. मग मँचेस्टरमध्ये जोगिणींनी चालवलेल्या मुलींच्या शाळेत शिकवलं.

नोकरी चांगली, घरचे खूश, आणि अशा वेळी चोविसाव्या वर्षी त्याने सगळं सोडून ब्रिस्टल ओल्ड विक नाट्यशाळेत नाव घातलं. बाकीची मुलं अठरा-एकोणीसची. याने तोवर वर्गातल्या पोरींना गप्प करण्याचं काम केलं होतं, आणि प्रेक्षक काबूत ठेवण्याची त्याहून चांगली तालीम कुठली? 'रोमिओ + ज्युलिएट'मध्ये पुढे तो फादर लॉरेन्स झाला, 'द ओमेन'च्या २००६च्या आवृत्तीत फादर ब्रेनन, 'ड्रॅगनहार्ट'मध्ये कविता करणारा मठवासी. पाद्रीपण असं हप्त्याहप्त्याने फेडलं म्हणायचं.

लिव्हरपूलच्या एव्हरीमन थिएटरचं नाव त्याच्यासंदर्भात सारखं का येतं?

कारण तो तिथे घडला. होप स्ट्रीटवर एक जुनं प्रार्थनागृह होतं, त्यात १९६४मध्ये हे थिएटर सुरू झालं. सत्तरच्या दशकात ॲलन डॉसर तिथे दिग्दर्शक होता आणि त्याचा आग्रह असा की नाटक शहरातल्या लोकांविषयी, त्यांच्या बोलीत आणि त्यांना परवडेल अशा दरात व्हायला हवं. गोदीत काम करणारा माणूस आणि विद्यापीठातला प्राध्यापक एकाच रांगेत बसायचे. तळघरात खाण्यापिण्याचा अड्डा होता, प्रयोग संपला की प्रेक्षक आणि नट तिथेच भेटायचे. नाटक पडलं तर तोंडावर सांगणारे लोक!

त्या काळातल्या एव्हरीमनच्या चमूची नावं आज वाचली तर गंमत वाटते: ज्युली वॉल्टर्स, बिल नाय, जोनाथन प्राइस, अँटनी शेर, मॅथ्यू केली. लिहिणाऱ्यांत विली रसेल आणि ॲलन ब्लीजडेल. यातलं तेव्हा कुणीच प्रसिद्ध नव्हतं. त्यांच्यातली काही मंडळी व्हॅनमध्ये सामान टाकून शहरातल्या पबमध्ये जाऊन खेळ करायची. ना रंगमंच, ना पडदा, समोर ग्लास घेऊन बसलेले आणि आपापल्या गप्पांत रमलेले लोक. त्यांचं लक्ष खेचून घ्यायचं आणि टिकवायचं. पीट आणि ज्युली वॉल्टर्स यांचं त्या वर्षांत प्रेमही जमलं होतं. पुढे ते वेगळे झाले, मैत्री राहिली.

ऐंशीच्या दशकात तो रॉयल शेक्सपिअर कंपनीत गेला आणि तिथे जुनी नाटकं केली. पण त्याच्या उच्चारांतलं उत्तर इंग्लंड स्ट्रॅटफर्डने, म्हणजे त्या कंपनीच्या गावाने, घासून काढलं नाही, हे आपलं नशीब.

चित्रपटात सुरुवात कशी झाली?

दाढी करून. शब्दशः. रिडली स्कॉटचा पहिला चित्रपट 'द ड्युएलिस्ट्स' १९७७मध्ये आला, त्यात पीट एका सेनापतीची दाढी करणारा माणूस आहे. पापणी लवली तर चुकेल एवढं काम. ब्लीजडेलने लिहिलेल्या 'द मसल मार्केट' या बीबीसीच्या नाटकात १९८१मध्ये त्याला मोठी भूमिका मिळाली. १९८४मध्ये 'अ प्रायव्हेट फंक्शन' आला. महायुद्धानंतरच्या रेशनच्या दिवसांत गावातले प्रतिष्ठित लोक चोरून डुक्कर पोसतात त्याची गोष्ट. त्यात हा खाटीक.

न्हावी, खाटीक, पुढे बँडमास्तर, शेवटी शेवटी फुलवाला. मी म्हटलं ना, हात बघा.

मग मोठी ओळख कुठल्या चित्रपटाने मिळाली?

टेरेन्स डेव्हिसच्या 'डिस्टंट व्हॉइसेस, स्टिल लाइव्ह्ज'ने, १९८८. चाळिशी उलटून गेल्यावर.

लिव्हरपूलमधलं कष्टकरी कुटुंब, काळ १९४० आणि ५०चा. डेव्हिसने हा आपल्या घरावरूनच बेतला. बाप, म्हणजे पीट, बायकोला मारतो, मुलांना झोडपतो, आणि घरातल्या प्रत्येकाचं लक्ष सतत त्याच्या पावलांच्या आवाजाकडे. सरळ सांगायचं तर राक्षस. नाताळच्या आदल्या रात्री हाच बाप झोपलेल्या मुलांच्या पायथ्याशी भेटी ठेवतो, हलक्या आवाजात 'देव तुमचं भलं करो' म्हणतो. आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या मेजावर बसलेला असताना, काही कारण नसताना, टेबलावरची चादर सगळ्या ताटांसकट ओढून खाली पाडतो आणि ओरडतो: साफ करा हे. मधला दुवा कुणी दाखवत नाही. पीटही तो अभिनयाने भरून काढत नाही, आणि तिथेच पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो.

आणखी एक प्रसंग आहे. बाप तबेल्यात घोड्याला खरारा करतोय आणि स्वतःशीच गाणं गुणगुणतोय. मुलं वरच्या गंजीतून लपून बघतायत. त्या हातांत एवढी माया आहे की मुलांना प्रश्न पडला असेल, ही माया घोड्याच्याच वाट्याला का? बापाचा धाक असलेल्या घरात जे वाढले त्यांना तो प्रसंग समजावून सांगायची गरज नाही.

'इन द नेम ऑफ द फादर'मधली गोष्ट खरी आहे का?

गाभा खरा, बारकावे बदललेले. ५ ऑक्टोबर १९७४ रोजी इंग्लंडमधल्या गिल्डफर्ड इथल्या पबमध्ये बाँबस्फोट झाले आणि पाच माणसं मेली. पोलिसांनी उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टचा तरुण जेरी कॉनलन आणि इतर तिघांना पकडलं, कबुलीजबाब घेतले, जन्मठेप झाली. मुलासाठी वकील बघायला जेरीचे वडील जुझेप्पे लंडनला आले तर त्यांनाच नातेवाइकांसकट अटक झाली. फुप्फुसांचा जुना आजार असलेला हा माणूस बारा वर्षांची शिक्षा भोगत असताना जानेवारी १९८०मध्ये वारला. जेरी आणि बाकीचे ऑक्टोबर १९८९मध्ये निर्दोष सुटले. जुझेप्पे आणि नातेवाइकांवरचा कलंक १९९१मध्ये पुसला गेला आणि २००५मध्ये पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी जाहीर माफी मागितली.

चित्रपटात बापलेक वर्षानुवर्षं एकाच कोठडीत दाखवलेत. प्रत्यक्षात तसं नव्हतं. दिग्दर्शक जिम शेरिडनवर त्याबद्दल टीका झाली, आणि इतिहास म्हणून ती रास्त आहे. पण ती एक कोठडी नसती तर हा चित्रपटच उभा राहिला नसता.

डॅनियल डे-लुईस मुलगा, पीट बाप. दोघांत वयाचं अंतर अवघं अकरा वर्षांचं! डे-लुईसही ब्रिस्टलच्याच नाट्यशाळेचा. विद्यार्थी असताना आम्ही पुन्हा पुन्हा ज्याला बघायला जायचो आणि ज्याच्यासारखं व्हावंसं वाटायचं तो हाच, असं त्याने पीट गेल्यावर म्हटलं. त्यामुळे मुलाच्या नजरेतला तो संताप आणि आदर सगळाच काही अभिनय नसावा.

डे-लुईस कोठडीत थैमान घालतो. लहानपणी फुटबॉलच्या सामन्यात बाप कसा चुकाच बघत उभा राहिला, हे इतक्या वर्षांनी ओरडून सांगतो. अशा वेळी समोरच्या नटाला मोठा मोह होतो, आपणही आवाज चढवावा. पीट काही करत नाही. खांदे थोडे आत घेतो, श्वास सांभाळतो, ऐकत राहतो. दुबळा वाटणारा हा बाप त्या तुरुंगातला सर्वांत न वाकणारा माणूस आहे, हे मुलाला फार उशिरा उमगतं, आणि आपल्यालाही त्याच्याबरोबरच. जुझेप्पे गेल्यावर रात्री कैदी आपापल्या खिडक्यांतून पेटवलेले कागद खाली सोडतात. त्या प्रसंगात पीट पडद्यावर नाही, पण मनात दुसरं कुणीही नाही.

या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं का?

नामांकन मिळालं, पुरस्कार 'द फ्युजिटिव्ह'साठी टॉमी ली जोन्सला गेला. त्या वर्षी याच गटात 'शिंडलर्स लिस्ट'साठी रेफ फाइन्सही होता, म्हणजे चुरस काय असेल बघा.

'द यूज्वल सस्पेक्ट्स'मधला कोबायाशी भारतीय आहे का?

हा प्रश्न आपल्याकडूनच जास्त येतो. नाव जपानी, माणूस इंग्रज, चेहऱ्याला सावळा रंग फासलेला, आणि बोलण्याचा हेल दक्षिण आशियाकडे झुकणारा. काहीच कशाशी जुळत नाही. ज्यांनी चित्रपट पाहिला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो की हे न जुळणं कथेत बसतं आणि शेवटी एका चिनीमातीच्या कपापाशी त्याचा उलगडा होतो.

तरी गोऱ्या नटाने रंग लावून आपल्यासारखं बोलणं आज डोळ्यांत खुपतं, आणि खुपावं. पीटने ते टिंगलीच्या अंगाने केलेलं नाही. कोबायाशी त्या खोलीतला सर्वांत शांत आणि सर्वांत धोकादायक माणूस आहे. पण तो रंग लावायची गरज होती का, या प्रश्नाला माझं उत्तर 'नव्हती' असंच आहे.

त्याच्या कुठल्या भूमिकेचा महाराष्ट्राशी संबंध आहे म्हणतात. कुठली ती?

आडवळणाचा संबंध आहे, पण मजेदार. नेपोलियनच्या काळातल्या इंग्रज सैनिकावर 'शार्प' नावाची दूरदर्शन मालिका निघाली, शॉन बीन नायक. त्यात १९९४मध्ये पीटने सार्जंट ओबडाया हेक्सविल केला. फाशी देऊनही न मेलेला हा नीच माणूस. मान सारखी झटके देते, टोपीत आईची तसबीर ठेवलेली असते आणि तो टोपीत तोंड घालून तिच्याशी बोलतो. ब्रिटिश दूरदर्शनवर असा किळसवाणा खलनायक क्वचितच झाला असेल.

मालिकेची गोष्ट स्पेन-पोर्तुगालमध्ये घडते. पण मूळ कादंबरीकार बर्नार्ड कॉर्नवेल याने नंतर, १९९७ ते ९९ या काळात, नायकाच्या आधीच्या आयुष्यावर तीन कादंबऱ्या लिहिल्या त्या भारतात घडतात: एक श्रीरंगपट्टणला, दुसरी असईच्या लढाईत, तिसरी गाविलगडावर. शेवटच्या दोन म्हणजे १८०३चं दुसरं इंग्रज-मराठा युद्ध, आपला जालना जिल्हा आणि अमरावतीतला मेळघाट. तिन्हींत हेक्सविल आहेच. पीटला घेऊन ते भाग निघाले नाहीत. चिखलदऱ्याच्या धुक्यात टोपीशी कुजबुजणारा तो माणूस मला बघायला आवडला असता.

'ब्रास्ड ऑफ' पाहावा असं सगळे सांगतात. त्यात एवढं काय आहे?

पहिल्यांदा मी तो बँडचा विनोदी चित्रपट समजून लावला होता. तसा तो आहेही, सुरुवातीची वीस मिनिटं.

थोडी पार्श्वभूमी. १९८४-८५चा कोळसा खाणकामगारांचा संप मोडल्यानंतर ब्रिटनमधल्या खाणी एकामागून एक बंद होत होत्या. ऑक्टोबर १९९२मध्ये सरकारने उरलेल्या पन्नासपैकी एकतीस खाणी बंद करण्याचं जाहीर केलं, तीस हजारांच्या आसपास नोकऱ्या जाणार होत्या. यॉर्कशरमधल्या ग्राइमथॉर्प या खाणगावाचा नामांकित पितळी वाद्यांचा बँड होता. खाण बंद होणार हे कळल्यावर काही दिवसांतच या बँडने लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. १९९३मध्ये खाण बंद झाली. बँड राहिला. मार्क हर्मनने या घटनांवरून १९९६चा चित्रपट बेतला, गावाचं नाव बदलून 'ग्रिमली' केलं, आणि वाजवायला खऱ्या ग्राइमथॉर्प बँडलाच घेतलं.

पीट यात बँडमास्तर डॅनी. खाणीतून निवृत्त, छातीत कोळशाची धूळ भरलेली, आणि डोक्यात एकच ध्यास: बँड. गाव उपाशी मरायला टेकलंय, पोरगा कर्जात बुडून विदूषकाच्या वेशात मुलांच्या वाढदिवसांना खेळ करतोय, आणि म्हातारा सूर का घसरला म्हणून चिडतोय. आपल्याला त्याचा राग येतो, यायलाच हवा. पीट डॅनीला गोड करत नाही. कलेच्या वेडाने आंधळा झालेला बाप आहे तो, आणि मुलाने गळफास घेण्याचा प्रयत्न केल्यावरच त्याचे डोळे उघडतात.

मध्ये एका रात्री तो इस्पितळात पडलेला असतो. बाहेर अंधारात बँडवाले खाणीतले दिवे डोक्यावर लावून उभे राहतात आणि त्याच्यासाठी 'डॅनी बॉय' वाजवतात. कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर, आणि तो फक्त ऐकतोय. ऐकणं हा या नटाचा खरा हुकमी एक्का, 'इन द नेम ऑफ द फादर'मध्येही आणि इथेही.

शेवटी अल्बर्ट हॉलमध्ये तो व्यासपीठावर येतो आणि जिंकलेला करंडक नाकारतो. मला वाटायचं संगीत महत्त्वाचं आहे, पण माणसांपुढे ते काहीच नाही, अशा अर्थाचं बोलतो. सील आणि देवमासे मरत असते तर तुम्ही उठून उभे राहिला असता, ही तर साधी माणसं, असं सुनावतो. भाषण मोठं आहे आणि दुसऱ्या कुणाच्या तोंडी सहज भाषणबाजी झालं असतं. पीट ते दम लागलेल्या, बोलायची सवय नसलेल्या माणसासारखं म्हणतो, वाक्यं शोधत शोधत. चुंबावांबा या गटाचं १९९७चं 'टबथम्पिंग' हे गाणं आठवत असेल. त्याच्या अल्बममधल्या आवृत्तीची सुरुवात याच भाषणाच्या तुकड्याने होते. कित्येकांनी पीटचा आवाज असा न कळत ऐकलाय.

स्पीलबर्ग त्याला 'जगातला सर्वोत्तम नट' म्हणाला, हे खरं?

हो. १९९७मध्ये स्पीलबर्गने त्याला लागोपाठ दोन चित्रपटांत घेतलं, 'द लॉस्ट वर्ल्ड' आणि 'अमिस्टाड', तेव्हाची गोष्ट. यावर पीटचं उत्तर प्रसिद्ध आहे: स्पीलबर्ग खरं तर म्हणाला असेल, 'या पीटची अडचण एवढीच की आपण जगातले सर्वोत्तम नट आहोत असं त्याला वाटतं.'

'द लॉस्ट वर्ल्ड' हा तसा बेताचाच चित्रपट. पण त्याचा शिकारी रोलंड टेम्बो त्यात एकटा पूर्ण माणूस आहे. हवा तो प्राणी हाती लागतो, मात्र त्याचा भारतीय साथीदार अजय सिद्धू त्या रात्री मारला गेलेला असतो. पुढे मोठ्या नोकरीचं आमिष मिळतं, तेव्हा मृत्यूच्या संगतीत पुष्कळ काळ काढला असं म्हणून तो निघून जातो. एका वाक्यात पीट त्या माणसाची पन्नास वर्षं सांगतो.

हॉलिवुडनंतर तो रंगभूमीवर परतला का?

तो गेलाच कधी होता? २००१पासून त्याने 'स्कॅरामूश जोन्स' हा एकपात्री प्रयोग केला. ३१ डिसेंबर १९९९ची रात्र, शंभरी गाठणारा विदूषक, पन्नास वर्षांचं मौन सोडून आपली कहाणी सांगतो. हा प्रयोग त्याने देशोदेशी फिरवला. चित्रपटांची कामं येत असताना महिनोन्‌महिने एकट्याने रंगमंच अंगावर घ्यायचा, याला हिशेबी माणूस वेडेपणा म्हणेल. २००७मध्ये मँचेस्टरच्या रॉयल एक्स्चेंजमध्ये तो 'टेम्पेस्ट'मधला प्रॉस्पेरो झाला.

आणि २००८मध्ये किंग लिअर, आपल्या जुन्या एव्हरीमनमध्ये. त्या वर्षी लिव्हरपूल युरोपची सांस्कृतिक राजधानी होतं, आणि शहराने आपल्या माणसाला बोलावलं. दिग्दर्शक रुपर्ट गूल्डने नाटक सत्तरच्या दशकाच्या वळणावर नेलं होतं आणि त्यात क्लृप्त्या फार होत्या. सुरुवातीची परीक्षणं संमिश्र आली. २००९च्या प्रारंभी प्रयोग लंडनच्या यंग विकमध्ये गेला, तोवर त्यातली काही काटछाट झाली होती आणि लिअर मोकळा झाला होता.

हवामानबदलाच्या चळवळीशी त्याचा काय संबंध?

२००९च्या 'द एज ऑफ स्टुपिड' या फ्रॅनी आर्मस्ट्राँगच्या चित्रपटात तो २०५५ सालातला एकटा उरलेला अभिलेखपाल आहे. जग उद्ध्वस्त झालंय आणि हा जुन्या चित्रफिती बघत विचारतो, वेळ होती तेव्हा आपण स्वतःला का वाचवलं नाही? त्याचा भाग काल्पनिक, पण तो बघतो त्या चित्रफिती खऱ्या माणसांच्या. त्यातला एक धागा थेट मुंबईचा: स्वस्त विमान कंपनी उभी करणारे जेह वाडिया. रेल्वेने जाणाऱ्या सामान्य भारतीयालाही विमानात बसता यावं ही त्यांची धडपड, आणि त्याच विमानांचा धूर. आपल्याला बाजू घेणं अवघड जावं असाच तो भाग आहे.

पीट यात केवळ काम करून मोकळा झाला नाही. त्याच्या घरी पवनचक्की होती. चित्रपटाच्या पहिल्या खेळाला ब्रिटनचे ऊर्जामंत्री एड मिलिबँड हजर होते. किंग्जनॉर्थ इथे कोळशावरच्या नव्या वीज केंद्राला परवानगी दिलीत तर माझा ओबीई (ब्रिटनचा राजसन्मान) परत करीन, असं त्याने त्यांना तोंडावर सांगितलं. ते केंद्र पुढे उभं राहिलं नाही. त्याला इतरही कारणं होती. कोळशाच्या खाणी वाचाव्यात म्हणून पडद्यावर रडवणारा डॅनी आणि कोळसा जाळू नका म्हणून मंत्र्याला धमकावणारा पीट एकच, यात काहींना विसंगती दिसते. मला दिसत नाही. डॅनीही माणसांसाठीच भांडत होता.

ओबीई कधी मिळाला? बाकी पुरस्कार?

ओबीई २००४च्या नववर्ष सन्मानांत. बाफ्टाचं, म्हणजे ब्रिटनच्या चित्रपट पुरस्काराचं, चित्रपटासाठीचं नामांकन 'द टाउन'साठी, तेही मरणोत्तर. त्या वर्षी बाजी 'द किंग्ज स्पीच'साठी जेफ्री रशने मारली. मोठी बाहुली एकही घरी आली नाही.

'क्रिमिनल जस्टिस' या हिंदी मालिकेशी त्याचं नाव कसं जोडलं जातं?

विक्रांत मॅसी आणि पंकज त्रिपाठी यांची २०१९ची मालिका ज्या ब्रिटिश मालिकेवरून घेतली, ती २००८ची बीबीसीची. मूळ मालिकेत बेन व्हिशॉ कोवळा आरोपी आहे आणि तुरुंगातला मुरलेला कैदी हूच म्हणजे पीट. हिंदी आवडली असेल तर मूळही बघा, फक्त हूचसाठी.

खासगी आयुष्य?

श्रॉपशरमध्ये बिशप्स कॅसल या छोट्या गावाजवळ घर. पत्नी जॅकी मॉरिश, पूर्वी बीबीसीत निर्माती. बरीच वर्षं एकत्र राहिल्यावर २००३मध्ये लग्न. दोन मुलं. लंडनच्या झगमगाटात तो फारसा रमला नाही.

त्याचा मृत्यू कशाने झाला? शेवटची कामं कुठली?

१९९०मध्ये त्याला वृषणाचा कर्करोग झाला होता, त्यातून तो बरा झाला. म्हणजे 'इन द नेम ऑफ द फादर'पासूनचं सगळं मोठं काम त्या दुखण्यानंतरचं. पुढे स्वादुपिंडाच्या कर्करोगाने २ जानेवारी २०११ रोजी श्रूसबरीच्या रुग्णालयात तो गेला. वय चौसष्ट. आधीच्या वर्षात त्याचे तीन चित्रपट आले होते: 'क्लॅश ऑफ द टायटन्स', 'इन्सेप्शन' आणि 'द टाउन'. 'किलिंग बोनो' आणि त्याचं आत्मचरित्र मरणानंतर २०११मध्येच आलं.

'द टाउन'मध्ये तो बॉस्टनमधला टोळीप्रमुख आहे आणि वरवर त्याचं फुलांचं दुकान. गाल अगदी बसलेले. तो बेन ॲफ्लेकला धमकावतो, तुझ्या आईला नशेची चटक मीच लावली असं सांगतो, आणि त्या सगळ्या वेळात हात थांबत नाहीत. गुलाबाचे देठ छाटत असतात.

नव्याने बघायचा तर सुरुवात कुठून करावी?

'ब्रास्ड ऑफ'पासून. दुसऱ्या दिवशी 'इन द नेम ऑफ द फादर'. 'डिस्टंट व्हॉइसेस'ला गोष्ट अशी सरळ नाही, गाणी आणि आठवणी एकमेकांत मिसळतात, म्हणून तो एकट्याने, फोन बाजूला ठेवून बघावा. 'शार्प'चे हेक्सविलचे भाग जेवताना लावू नयेत. आणि 'द ड्युएलिस्ट्स' कधी हाताशी लागलाच, तर दाढीच्या प्रसंगात सेनापतीकडे दुर्लक्ष करून वस्तरा धरलेल्या माणसाकडे बघा.